बर्लिनच्या ढिगाऱ्यावरचे कान: टॉयफेल्सबेर्ग ते ब्रोकेन

शीतयुद्धातली हेरगिरी म्हटली की पूल, धुकं आणि सूटकेस डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग खुर्चीवर बसून, कानाला हेडफोन लावून चालत असे. अमेरिकी आणि ब्रिटिश सैन्याने परक्या भूमीवर बांधलेलं त्या काळचं एक महत्त्वाचं श्रवणठाणं बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड जंगलात, टॉयफेल्सबेर्ग टेकडीवर अजून उभं आहे, आणि तिकीट काढून आत जाता येतं. नुसते घुमट पाहून परतलं तर मात्र निम्मी गोष्ट हाती लागते. म्हणून दालेम, टॉयफेल्सबेर्ग, लिख्टेनबेर्ग आणि हार्झ पर्वतातलं ब्रोकेन अशी सलग फेरी करून आलो. एप्रिलचा शेवट होता: खाली चेरीचा बहर, डोंगरावर उरलेला बर्फ.

पहिला दिवस: दालेम, आणि जमिनीखालचा बोगदा

आधी टेकडी आणि मग संग्रहालय असा क्रम बहुतेक जण लावतात. तो उलटा करा. यू-३ मेट्रोने ओस्कार-हेलेने-हाइम स्थानकावर उतरलं की क्ले-आले रस्त्यावरचं दोस्त राष्ट्रांचं संग्रहालय चालत पाच-सात मिनिटांवर आहे. प्रवेश मोफत, सोमवारी बंद. हे संग्रहालय टेम्पलहोफ विमानतळावर हलवण्याची चर्चा बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी पत्ता तपासा. अंगणात चेकपॉइंट चार्लीची जुनी चौकी आणि ब्रिटिश हेस्टिंग्ज विमान आहे. आपल्याला पाहायचा तो आत ठेवलेला पोलादी नळकांड्याचा तुकडा. त्याचा व्यास जेमतेम दोन मीटर.

हा सीआयए आणि ब्रिटिश गुप्तचर खात्याने मिळून खणलेला बोगदा. पश्चिमेकडच्या रूडोपासून पूर्वेकडच्या आल्टग्लीनिकेपर्यंत, लांबी सुमारे ४५० मीटर. वर रडारचं ठाणं असल्याचा देखावा केला होता. गोदामाला मुद्दाम खोल तळघर ठेवलं, कारण खणून काढलेली माती बाहेर नेली असती तर कोणालाही संशय आला असता. ज्यांवरचं बोलणं ऐकायचं होतं त्या सोव्हिएत सैन्याच्या तीन टेलिफोन केबल रस्त्याखाली जेमतेम ७० सेंटिमीटरवर होत्या. त्यामुळे शेवटचा उभा खड्डा खालून वर खणताना रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या वजनाने छत खचण्याची भीती होती. ते काम ब्रिटिशांनी केलं. तारा जोडताना ओलाव्याचा धोका वेगळाच. जोडणीत दमटपणा शिरला की केबलचं इन्सुलेशन घसरतं, आणि पलीकडच्या तंत्रज्ञांनी केबलची चाचणी घेतली तर गडबड लगेच उघडी पडते.

आणखी एक अडचण कोणाच्या डोक्यात आली नव्हती. अ‍ॅम्प्लिफायरच्या उष्णतेने बोगदा तापला, आणि बर्फ पडल्यावर बोगद्याच्या वरचा तेवढाच पट्टा वितळू लागला. वरून पाहणाऱ्याला ही रेघ म्हणजे आयता नकाशाच होता. मग आत थंड करणारी यंत्रणा बसवावी लागली.

ऐकणं ११ मे १९५५ ला सुरू झालं आणि २२ एप्रिल १९५६ ला सोव्हिएत सैनिकांनी बोगदा 'शोधून काढला'. या अकरा महिन्यांत ध्वनिफितीची सुमारे ५०,००० रिळं भरली. ती ऐकून उतरवण्याचं काम सप्टेंबर १९५८ पर्यंत पुरलं. बोगदा खणण्याआधीच त्याची बातमी मॉस्कोला पोचली होती, कारण आखणीच्या बैठकीत टिपणं घेणारा ब्रिटिश अधिकारी जॉर्ज ब्लेक हा केजीबीचा माणूस होता. पण ब्लेकला वाचवण्यासाठी केजीबीने ही गोष्ट जर्मनीतल्या स्वतःच्या सैन्यालाही सांगितली नाही. त्यामुळे केबलवरचं बोलणं खरंच राहिलं. पुढे जोरदार पावसाने केबल बिघडल्या, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने खोदकाम करून 'शोध' लावता आला. ब्लेक १९६१ मध्ये पकडला गेला, त्याला ४२ वर्षांची शिक्षा झाली, १९६६ मध्ये तो लंडनच्या तुरुंगातून पळाला आणि २०२० मध्ये मॉस्कोत वारला.

या तुकड्यापाशी निदान अर्धा तास द्या. इथे जे दिसतं ते पुढच्या प्रत्येक ठिकाणी भेटतं: यंत्रणा चोख, आणि भगदाड माणसात.

जेवणाचं म्हणाल तर एप्रिल ते २४ जून हा पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे 'श्पार्गेल'चा हंगाम. उकडलेले बटाटे आणि लोण्या-अंड्याच्या सॉससोबत ती ताटभर मिळते. सोबत हॅम असतं. शाकाहारी असाल तर मागवतानाच 'ओने शिंकेन' सांगा.

दुसरा दिवस: टॉयफेल्सबेर्ग

एस-बान या उपनगरी रेल्वेने हेअरश्ट्रासे स्थानकावर उतरून टॉयफेल्सझे-शॉसे या रस्त्याने चालायला लागायचं. अर्ध्या तासाच्या वर लागत नाही. शेवटचा चढ तेवढा दमवतो. एबी झोनचं तिकीट पुरतं. ठाणं साधारण अकराच्या सुमाराला उघडतं आणि सूर्यास्ताच्या आसपास बंद होतं. वेळा आणि दर हंगामाप्रमाणे बदलतात. पाणी बरोबर घ्या, टाचेचे बूट नकोत, मोबाइलचा टॉर्च चार्ज असू द्या. इमारतींना फारशा खिडक्या नाहीत, जिने अंधारे आहेत आणि लिफ्ट नाही. वरचे मजले सुरक्षिततेच्या कारणावरून अधूनमधून बंद ठेवतात. त्यामुळे तिकीट काढतानाच 'आज वरच्या घुमटापर्यंत सोडता का?' हे विचारून घ्या. लहान मुलं असतील तर कठड्यापाशी त्यांचा हात सोडू नका.

ही टेकडी निसर्गाने केलेली नाही. इथे नाझी राजवटीत सैनिकी तंत्रशास्त्राचं महाविद्यालय उभं राहत होतं, कोनशिला नोव्हेंबर १९३७ ची. युद्धानंतर ते अर्धवट सांगाडे पाडण्यापेक्षा पुरणं सोपं ठरलं. १९५० पासून बॉम्बहल्ल्यात पडलेल्या बर्लिनच्या विटा, चौकटी आणि भिंती इथे येऊन पडू लागल्या. ऐन भरात दिवसाला ८०० ट्रकपर्यंत. १९७२ मध्ये काम थांबलं तोवर सुमारे २ कोटी ६० लाख घनमीटर राडारोडा साचला होता. माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १२० मीटर. वाटेच्या कडेला पावसाने माती धुपलेली असेल तिथे नीट पाहा: विटेचे गुळगुळीत झालेले तुकडे, मोरीच्या पांढऱ्या टाइलचा कोपरा, गंजकी सळई. कोणाच्या तरी घराचं सामान पायाखाली आहे.

सपाट शहरात ही उंची म्हणजे सोनं होतं. तीन ते तीस मेगाहर्ट्झच्या आखूड लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून हजारो किलोमीटर जातात. त्या ऐकायला टेकडी लागत नाही. पण रणगाड्यांचे, विमानांचे आणि टेलिफोन वाहून नेणाऱ्या मायक्रोवेव्ह मनोऱ्यांचे संदेश त्याहून वरच्या पट्ट्यांत असत. सोव्हिएत रणगाड्यातला आर-१२३ हा संच २० ते ५१.५ मेगाहर्ट्झवर बोलत असे. असे संदेश जवळपास नजरेच्या रेषेतच जातात.

त्याचा हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा, की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. दहा मीटरच्या खांबावरची अँटेना १३ किलोमीटर 'पाहते'. आजूबाजूच्या जमिनीपासून १०० मीटर वर असलेली ४१ किलोमीटर. समोरचा प्रेषकही उंचावर असेल तर त्याचं अंतर यात मिळवायचं. पाच हजार मीटरवरच्या विमानाचे २९१ किलोमीटर मिळवले की ३३० च्या वर जातं. आणि जर्मनीतल्या सोव्हिएत फौजांचं मुख्यालय असलेलं व्ह्यून्सडोर्फ या टेकडीपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर! पश्चिम बर्लिन शत्रूच्या प्रदेशात दीडशे किलोमीटरहून जास्त आत होतं. असं ऐकायचं ठिकाण नाटोला दुसरीकडे मिळणं कठीण होतं.

१९६१ च्या जुलैमध्ये अमेरिकी लष्कराच्या सिक्युरिटी एजन्सीने गाड्यांवर बसवलेले फिरते संच इथे आणले. त्यानंतर महिन्याभरात बर्लिनची भिंत उभी राहिली. पक्कं बांधकाम १९६३ पासून. पुढे हे ठाणं 'फील्ड स्टेशन बर्लिन' झालं, आणि ब्रिटिश लष्कर व हवाई दलाच्या तुकड्याही त्याच आवारात आल्या. इथे काम करणारे सैनिक याला नुसतं 'द हिल' म्हणत. काम चोवीस तास, पाळ्यांमध्ये. रशियन, जर्मन, पोलिश आणि चेक जाणणारे भाषातज्ज्ञ ऐकत आणि उतरवत, मॉर्सवाले ठिपके-रेघा टिपत, विश्लेषक त्यांची सांगड घालत. शब्द कळले नाहीत तरी बरंच कळतं. कोणता संच कोणाला, किती वेळा आणि कोणत्या वेळी हाक मारतो याची नोंद ठेवली की कोणती तुकडी कोणाच्या हाताखाली आहे ते उलगडत जातं. सराव सुरू होण्याआधी बोलणं वाढतं किंवा एकदम थांबतं. अशी अचानक शांतता ही सगळ्यांत मोठी बातमी. शेजारच्या खोलीत काय चालतं ते विचारायचं नाही हा शिरस्ता होता. रद्दी कागद वेगळ्या पिशव्यांत गोळा करून नष्ट केले जात.

पांढरे घुमट कशासाठी हा प्रश्न हमखास येतो. कारणं दोन. वारा आणि बर्फ यांनी तबकडी अंशभर हलली तरी अरुंद झोताची मायक्रोवेव्ह लिंक हातातून निसटते, म्हणून आडोसा हवा. दुसरं, तबकडीचं तोंड कुठे आहे ते पाहणाऱ्याला कळू नये. घुमटाचं आवरण लहरींना अडवणार नाही असं असावं लागतं, त्यामुळे धातू कमीत कमी. आज त्याच आवरणाच्या चिंध्या झाल्या आहेत, आणि वाऱ्यात त्या फडफडतात तो आवाज खालच्या वाटेपर्यंत येतो.

वरच्या घुमटात मात्र अजून जादू आहे. आमच्या गाइडने सगळ्यांना गप्प केलं आणि मध्यभागी उभं राहून एकदाच टाळी वाजवली. ती वळून, पुन्हा वळून येत राहिली. घुमटाच्या भिंतीपाशी तोंड नेऊन कुजबुजलात तर समोरच्या भिंतीपाशी उभ्या असलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. दुसऱ्यांचं ऐकण्यासाठी बांधलेल्या या खोलीत गुपित बोलणं अशक्य आहे.

फेरीस व्हीलचा किस्सा इथे सगळेच सांगतात. दरवर्षी ठरावीक काळात काही संदेश जास्त स्वच्छ येत. शोध घेतला तेव्हा जर्मन-अमेरिकी जत्रेतलं उंच पाळण्याचं चक्र अँटेनासारखं काम करत असल्याचं निघालं. मग जत्रा संपल्यावरही ते चक्र काही दिवस उभं ठेवायला सांगितलं जाई. लोखंडाचा मोठा सांगाडा लहरी पकडून पुन्हा फेकतो हे शास्त्र पक्कं आहे, त्यामुळे किस्सा पटतो.

ठाण्याला भोक पडलं ते जेम्स हॉल नावाच्या अमेरिकी सैनिकामुळे. १९८२ ते १९८५ या काळात तो इथे होता. अमेरिकी सैनिकांच्या गाड्या दुरुस्त करण्याच्या कार्यशाळेत ह्युसेइन यिल्दिरिम हा तुर्की मेकॅनिक काम करत असे. त्याच्यामार्फत हॉलने पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांना, म्हणजे श्टाझीला कागद विकले. अमेरिकेची सिग्नल गुप्तवार्ता नेमकं काय ऐकू पाहते याची चार हजारांहून जास्त पानांची यादीही त्यात होती. कारण विचारधारा नव्हे, पैसा. डिसेंबर १९८८ मध्ये एफबीआयच्या माणसाने सोव्हिएत हस्तक असल्याचं भासवून त्याला बोलतं केलं. शिक्षा ४० वर्षांची झाली, सुटका २०११ मध्ये. बर्लिनमधली आणखी दोन प्रकरणं याच जातीची. गाटो विमानतळावरच्या ब्रिटिश हवाई दलातला रशियन भाषातज्ज्ञ जेफ्री प्राइम १९६८ मध्ये स्वतःहून सोव्हिएतांकडे गेला आणि पुढे ब्रिटिश श्रवणसंस्थेतच नोकरीला लागला. मारीएनफेल्डेच्या अमेरिकी हवाई दलाच्या ठाण्यावरचा जेफ्री कार्नी १९८३ मध्ये श्टाझीला मिळाला.

सैन्य १९९२ मध्ये गेलं, जाताना यंत्रं काढून नेली. १९९९ पर्यंत इथे नागरी हवाई वाहतुकीचं रडार चाललं. त्याआधीच, १९९६ मध्ये बर्लिनने जागा खासगी गुंतवणूकदारांना विकली होती. घरं, हॉटेल आणि हेरगिरीचं संग्रहालय असा बेत होता. तो बारगळला. २००७ मध्ये महर्षी महेश योगींच्या चळवळीने इथे विद्यापीठ उभारायचं ठरवलं, दिग्दर्शक डेव्हिड लिंच त्यासाठी टेकडीवर येऊन गेला. पण तोवर नगर-आराखड्यात ही जागा जंगल ठरली होती, नवं बांधकाम होणं नव्हतं. २०१८ पासून ठाणं संरक्षित वास्तू आहे. भिंतीभर पसरलेली चित्रं सुरेख आहेत, पण ती पाहताना फरशीकडेही नजर असू द्या. केबल जायची भोकं, जाड दारांच्या चौकटी आणि उंचावलेल्या फरशीच्या खुणा तिथे सापडतात.

परतताना शेजारच्या द्राखेनबेर्गवर चढा. सपाट माथा, पतंग उडवणारे लोक, आणि घुमटांचा सर्वांत चांगला फोटो तिथूनच मिळतो. मग जंगलातून ग्रूनेवाल्ड स्थानकाकडे उतरा. १७ क्रमांकाच्या फलाटावरून बर्लिनच्या ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं. फलाटाच्या कडेने १८६ पोलादी पट्ट्या आहेत. प्रत्येकीवर तारीख, माणसांची संख्या आणि गाडी कुठे गेली ते. वेळ नसला तरी काढा.

तिसरा दिवस: लिख्टेनबेर्ग, पलीकडचे कान

यू-५ ने माग्डालेनेनश्ट्रासे. श्टाझीचं मुख्यालय आज संग्रहालय आहे, श्टाझीचा प्रमुख मंत्री एरिख मील्के याचं कार्यालय जसंच्या तसं. एका टेबलावर टेलिफोनांची रांग पाहायला मिळते. लोक तिथे फोटो काढून पुढे जातात, पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचा विभाग वेगळा: मुख्य विभाग तीन. होर्स्ट मेन्शेन याच्या हाताखाली हा विभाग बिनतारी श्रवणाचं काम बघे. पश्चिम बर्लिन आणि पश्चिम जर्मनी यांच्यातले टेलिफोन मायक्रोवेव्ह लिंकवरून पूर्व जर्मनीच्या डोक्यावरून जात, आणि झोताच्या वाटेत अँटेना लावली की ते ऐकता येत. टॉयफेल्सबेर्गवर पूर्वेचं ऐकत होते, पूर्वेकडे पश्चिमेचं. १५ जानेवारी १९९० ला लोक या आवारात घुसले. हॉलने दिलेली ती यादीही इथल्या कागदांत होती, जर्मन सरकारने ती १९९२ मध्ये अमेरिकेला परत केली.

त्याच आवारात दस्तऐवजांच्या अभिलेखागाराचं प्रदर्शन आहे. फाडलेल्या कागदांचं पोतं तिथे जवळून पाहता येतं.

दुपारी ट्रामने हेर्ट्सबेर्गश्ट्रासेवरच्या डोंग शुआन या व्हिएतनामी बाजारात जा. पूर्व जर्मनीने कंत्राटावर आणलेल्या व्हिएतनामी कामगारांची पुढची पिढी इथे दुकानं चालवते. टोफूचं फो म्हणजे नूडल-सूप, ताजी कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबू. आपल्या जिभेला बर्लिनमध्ये यापेक्षा जवळचं क्वचित काही मिळेल. मंगळवारी बाजार बंद असतो.

चौथा दिवस: ब्रोकेन, ११४१ मीटर

बर्लिनहून माग्डेबुर्ग-हाल्बरश्टाटमार्गे वेर्निगेरोडेला जायला तीनेक तास लागतात. आठवड्याच्या शेवटी थेट गाडीही असते. मुक्काम तिथेच करा. माथ्यापर्यंत वाफेच्या इंजिनाची छोटी रेल्वे जाते, वेळ दीड-पावणेदोन तास, तिकीट महाग, आणि नेहमीचे प्रादेशिक पास तिथे चालत नाहीत. पैसे वाचवायचे तर शीर्केपर्यंत बसने जाऊन पुढे चाला. एकरलोखची वाट सहाएक किलोमीटरची पण खडकाळ, एप्रिलअखेर तिच्यावर घट्ट बर्फ असू शकतो.

ब्रोकेनवर वर्षाचे सुमारे ३०० दिवस धुकं असतं. गाडीतून उतरलो तेव्हा दहा मीटरवरचं काही दिसत नव्हतं, आणि वारा असा की टोपी हातात धरावी. १९६१ पासून हा माथा सामान्य माणसाला बंद होता. भोवती ३.६० मीटर उंचीची काँक्रीटची भिंत, आत श्टाझी आणि सोव्हिएत सैन्याची दोन स्वतंत्र ठाणी. श्टाझीच्या ठाण्याचं टोपणनाव 'उरियान', सोव्हिएत ठाण्याचं 'येनिसेई'. घुमटामुळे लोक पहिल्याला 'श्टाझीची मशीद' म्हणत. त्याच इमारतीत आज ब्रोकेनहाउस संग्रहालय आहे, जुना घुमट आणि अँटेनाही तिथे पाहायला मिळतात. टॉयफेल्सबेर्गच्या फाटक्या घुमटांनंतर हा घुमट बघा म्हणजे ते ठाणं चालू असताना कसं दिसत असेल याची कल्पना येते. ३ डिसेंबर १९८९ ला हजारो लोक चालत वर आले आणि फाटक उघडायला लावलं. शेवटचे सोव्हिएत सैनिक १९९४ मध्ये गेले.

वर वाटाण्याचं दाट सूप मिळतं. त्यात सॉसेज असतंच, आणि ते काढायला सांगितलं तरी सूप बहुधा खारवलेल्या मांसासोबत शिजवलेलं असतं. शाकाहारी लोकांनी वेर्निगेरोडेहून पाव-चीज बांधून न्यावं.

दुपारी तासभर धुकं फाटलं आणि दक्षिणेला वुर्मबेर्ग दिसला, ९७१ मीटर. सीमेच्या पलीकडे तिथे पश्चिमेकडच्या सैन्याचा श्रवणमनोरा होता, तो १९९० च्या दशकात पाडला. दोन्ही माथ्यांमध्ये अंतर अवघ्या काही किलोमीटरचं. शेवटची परतीची गाडी संध्याकाळी लवकर असते. ती चुकली तर अंधारात जंगलातून उतरावं लागतं, म्हणून वर पोचताच वेळ पाहून ठेवा.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर

व्ह्यून्सडोर्फला जा. टेकडीवरचे लोक ज्यांचं ऐकत होते ते तिथे बसत. बर्लिनहून प्रादेशिक रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं. स्थानकापासून बंकरांपर्यंत अंतर बरंच आहे, बसची वेळ आधीच पाहा. 'झेपेलिन' हे जर्मन सैन्याचं १९३९ चं भूमिगत दूरसंचार केंद्र सोव्हिएत सैन्यानेही पुढे वापरलं. ते गाइडबरोबरच पाहता येतं, फेऱ्या बहुतेक जर्मनमध्ये असतात. आत वर्षभर गारवा, जाकीट हवंच. बाहेर जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. रशियन भाषेतलं काही जुनं हाती लागलं तर लागलं, पण निघण्यापूर्वी दुकानं कोणत्या दिवशी उघडी असतात ते विचारून घ्या.